गेणूबाबांचा रिकामा कप्पा

सांगलीहून निघताना माझ्या पिशवीत दोन स्वेटर, संधिवाताच्या गोळ्या, मऊ केसांचे तीन ब्रश, डझनभर पेन्सिली आणि शेंगदाण्याच्या चटणीची बरणी होती. ब्रश नि पेन्सिली जुन्नरकडच्या कागदांसाठी, चटणी माझ्यासाठी. परगावी जेवण अळणी निघालं तर उगाच जिवाचे हाल नकोत.

सगळी नोकरी मी ग्रंथालयात जुन्या कागदांची डागडुजी करण्यात घालवली. निवृत्त झाले तेव्हा मुलगा म्हणाला, आई, आता तरी घरात बस. बसते कशाला! रोहिणीचा फोन आला आणि मी त्याच दिवशी बॅग काढली. ही रोहिणी जुन्नर तालुक्यातल्या एका खेड्यात शिक्षिका आहे. तिच्या वस्तीनं समाजमंदिराच्या एका खोलीत स्वतःचं संग्रहालय थाटलं होतं. नाव साधंच, ‘आठवणींची खोली’. गावच्या विहिरीवर पाणी भरता यावं, शाळेत दाराबाहेर न बसता आत बसता यावं, म्हणून वस्तीच्या आजे-पणज्यांनी जे झगडे केले त्यांचे कागद, फोटो, वस्तू त्या खोलीत ठेवलेल्या. रविवारी ती गावासाठी उघडायची होती. “मॅडम, कागद कसे ठेवायचे ते दाखवायला या. आणि अमेरिकेहून एक पाहुण्या येतायत, त्यांनाही घेऊन या.”

या पाहुण्या म्हणजे लॉरेन. सत्तरीची, काळी, धिप्पाड, आणि हसायला लागली की शेजारचाही हसतो अशी. तिकडे दक्षिणेतल्या एका छोट्या गावात, बंद पडलेल्या न्हाव्याच्या दुकानात, तिनं आपल्या लोकांचे कागद जमवले आहेत. गोऱ्यांचा नळ वेगळा, काळ्यांचा वेगळा, बसमध्ये मागं बसायचं, मताला नाव नोंदवायला गेलं की नोकरी जायची, त्या दिवसांचे; आणि ते मुकाट्यानं न सोसणाऱ्यांचे. पुण्याला स्टँडवर तिला गाठलं. माझं इंग्रजी म्हणजे कॅटलॉगच्या कार्डाएवढं, पण नारायणगाव येईपर्यंत आम्ही एकमेकींच्या गुडघ्यांची सगळी माहिती घेतली होती.

जुन्नर, गुरुवार

जुन्नरला उतरलो आणि थंडीनं हाडं वाजली. आमच्याकडे जानेवारीत इतकं कुणी कुडकुडत नाही. वर शिवनेरी उन्हात नि खाली आम्ही सावलीत. रोहिणी स्टँडवर हजर होती. चाळिशीची, चुणचुणीत, बोलताना हात नाचवणारी. म्हणाली, “आधी बाजारात जाऊ. एक काम घ्यायचंय.”

जुन्या पेठेतल्या बोळातून, मोटारसायकली चुकवत, ती आम्हाला एका झेरॉक्सच्या दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं एक पाकीट पुढं केलं. रोहिणीनं ते उघडून मोठ्या कौतुकानं माझ्या हातात दिलं. विहिरीसाठी तिच्या आजेसासऱ्यांनी मामलेदाराला केलेला अर्ज. मोडीचा पिवळा कागद, खाली सात अंगठे. आणि तो कागद लॅमिनेशन केलेला! चकचकीत, कडक, गरम इस्त्रीखालून काढलेला.

“कप्पाळ माझं!” मी ओरडले. “अगं, हे काय करून ठेवलंस? हा कागद आता श्वास घेणार कसा? हे प्लास्टिक पुन्हा निघत नाही. मारून टाकलास तू त्याला!”

सगळा बोळ बघायला लागला. रोहिणीचा चेहरा खर्रकन उतरला. हळूच म्हणाली, “मॅडम, आमच्याकडं सगळं मोलाचं लॅमिनेशनच करत्यात. दाखला, आधार, पोराचं सर्टिफिकेट. कागद भिजू नये, फाटू नये म्हणून.”

माझी जीभ अशीच आहे, सुटली की सुटली. मग मेल्याहून मेल्यासारखं होतं. लॉरेननं भानगड काय ते विचारलं, आणि ऐकून इतकी हसली की दुकानदारानं तिला स्टूल दिलं. तिच्या गावच्या म्हातारीनं म्हणे तुरुंगात गेलेल्या पोरींचे सगळे फोटो खळीनं वहीत चिकटवले होते. आणि वरून खिडकीची जाळी ठोकायचे खिळेही मारले होते! लॉरेन म्हणाली, “ज्यांना कागद कधी मिळालेच नाहीत, ते मिळालेला कागद घट्टच धरणार.” मी रोहिणीची माफी मागितली. अजून दोनच कागद गेले होते, बाकीचे वाचले. त्या बदल्यात तिनं आम्हाला मासवडी खायला घातली. मी आधी नाक मुरडलं, मला वाटलं मासे असणार. तर ती बेसनाची, आत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि वर असा झणझणीत रस्सा की माझी चटणीची बरणी पिशवीतच राहिली.

गाव, शुक्रवार

रोहिणीचं गाव जुन्नरहून आळेफाट्याकडे जाताना लागतं. नाव लिहीत नाही, कारण पुढं वाचाल तसं कळेल. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. “उसाकडं एकट्या जाऊ नका, बिबट्या असतो,” असं आम्हाला पोहोचताक्षणी तिघांनी सांगितलं, तेही आमच्याकडे ‘कुत्रं आहे, जपून’ म्हणतात त्या सुरात.

खोली नेटकी, चुना मारलेली. शाळेची फुटकी पाटी, मोर्चाचा कापडी फलक, एका बाईनं विहिरीवर पहिल्यांदा नेलेली तांब्याची घागर. भिंतीला काचेचं कपाट, त्यात सहा कप्पे. पाच भरलेले. मधला, डोळ्यांसमोर येणारा कप्पा रिकामा, आणि त्याखाली चिठ्ठी: ‘पेला’.

“इथं काय आहे?” लॉरेननं विचारलं.

“तिथं माझा पेला हाय,” मागून आवाज आला. “अजून आलेला न्हाई.”

हे गेणूबाबा, रोहिणीचे सासरे. ऐंशी पार केलेले, काटक, डोक्याला पांढरी टोपी, मोतीबिंदू काढलेले डोळे लखलखीत. बसले आणि सांगायला लागले.

“आठवडी बाजाराला बा मला न्यायचा. आपल्या गावच्या स्टँडवर हॉटेल व्हतं, आजबी हाय. आमाला आत जायची सोय न्हाई. बाहेर लिंबाच्या झाडाला खिळा, खिळ्याला जर्मनचा पेला.” जर्मन म्हणजे ॲल्युमिनियम, हा शब्द मी आजीनंतर पहिल्यांदा ऐकला. “आपण पेला काढायचा, आपण धरायचा. शेठ वरनं चहा वतायचा, असा हातभर वरनं. अंगावर उडायचा. पिऊन झालं की आपणच धुऊन परत खिळ्याला. चहा मातर लई ग्वाड असायचा, खोटं कशाला बोलू.”

सगळं सांगताना म्हातारा हसत होता. मला हसू येईना.

खरी अडचण रोहिणीनं नंतर सांगितली. हॉटेलच्या सध्याच्या मालकांनी, बबनशेठनी, चारचौघांत म्हटलं होतं की असला पेला-बिला काही नव्हता, म्हातारा मनानं सांगतो. आता वस्तीतलीच तरुण मुलं म्हणत होती की बाबा, रविवारी सगळं गाव येणार, रिकामा कप्पा बघून हसतील, तिथं दुसरं काहीतरी ठेवू. बाबा ऐकत नव्हते. “पेला आला न्हाई तर कप्पा मोकळाच ऱ्हाईल. पर मी खोटारडा न्हाई,” एवढंच म्हणायचे. हॉटेलात कुणीही जाऊन बसायला लागल्याला पिढ्या झाल्या, पण बाबांनी आजवर त्याची पायरी चढली नव्हती.

संध्याकाळी आम्ही तिघी हॉटेलात गेलो. बबनशेठ साठीचे, गोल, मिशाळ आणि अतिशय अगत्यशील. “या पावणं, या! अमेरिकेच्या का? वा वा!” भजी आली, चहा आला. चहा खरंच फक्कड होता. लॉरेननं चहा कसा करतात ते बघायचंय म्हटल्यावर त्यांनी तिला थेट भटारखान्यात नेलं, आणि ती तिथं सपासप फोटो काढत सुटली.

मग मी तोंड उघडलं. “शेठ, तुमच्या वडिलांच्या वेळी बाहेर एक पेला असायचा म्हणे?”

शेठचं हसू जागच्या जागी थिजलं. “म्याडम, आमच्यात असलं काय नव्हतं. मी जन्मापासून इथं हाय. माझ्या बापानं कुणाला कधी चहा नाकारला नाय.” मग म्हणाले, “गेलेल्या माणसाचं नाव काढायचं नाय बगा.”

मला त्यांचा राग आला. वस्तीवर परत येताना मी तणतणत होते. आणि मध्येच, ऊस संपून घरं लागली तिथं, मला आमची पारूबाई आठवली. सांगलीच्या घरी मागची मोरी धुवायला यायची. परसात कोनाडा होता, कोनाड्यात टवका उडालेली बशी. आई तिला त्या बशीत चहा ओतायची, हातभर वरून. मी तेव्हा शाळेत होते, रोज बघत होते, आणि इतकी वर्षं मला ती बशी एकदाही आठवली नव्हती. मी रस्त्यातच थांबले. लाज वाटली, दुसरं काय? लॉरेनला कसंबसं सांगितलं. तिनं सांत्वन वगैरे केलं नाही. म्हणाली, “लिहून काढ. त्या कागदालाही नोंदवहीत नंबर लागतो.”

तळेघर, शनिवार

गेणूबाबांची धाकटी बहीण सोनाबाई आंबेगाव तालुक्यात तळेघरला लेकीकडे असते. तिचं बोलणं ध्वनिमुद्रित करायचं ठरलं होतं. घोडेगावहून पुढं डोंगर सुरू झाले आणि आमची जीप एका चढावर फुसकन बसली. पुढची एस.टी. दुपारी, म्हणजे आली तर. “चाला, जवळच हाय,” ड्रायव्हर म्हणाला. इकडचं ‘जवळच’ आणि आमच्याकडचं ‘जवळच’ यांत दोन टेकड्यांचा फरक आहे. भातखाचरं कापून रिकामी झालेली, बांधावर पेंढ्याच्या गंजी, वारा गार आणि ऊन चटचटीत. लॉरेन दर वळणावर थांबून ‘देवा रे’ अशा अर्थाचं काहीतरी म्हणत होती. सौंदर्याला की गुडघ्याला, ते कळलं नाही.

सोनाबाईनं आधी नाचणीची भाकरी, लाल तांदळाचा भात आणि हुलग्याचं कढण पुढं ठेवलं. जेवल्याशिवाय बोलणार नाही म्हणाली. जेवण झालं, रोहिणीनं फोन पुढं ठेवला. बाबांनी काय सांगितलं ते आम्ही मुद्दाम बोललो नव्हतो.

“पेला? व्हता की! मीबी पेलीय त्यात,” सोनाबाई पदर सावरत म्हणाली. “पोटाला पोचा व्हता. आन् दादानं त्याच्या बुडाला नाव घातलं व्हतं.”

“नाव?”

“आता भांड्यावर नाव घालत्यात न्हाई का? आमच्या चुलतीच्या लग्नात नाव घातलेली भांडी आली व्हती. दादा नुकताच शाळंत अक्षर शिकलेला. म्हनला, ह्या पेल्यात आपल्याबिगर कोण पितंय? मग ह्यो आपलाच. बैलगाडीचा खिळा घेतला न् बुडाला ‘ग’ कोरला. बानं अशी मुस्काडात ठिवून दिली! शेठ बघंल म्हनून भ्याला बिचारा. पर कोण बघतंय? त्या पेल्याला हात लावत व्हतं कोण?”

आणि भाऊ-बहीण दोघंही सारखंच हसतात, हे मला तेव्हा दिसलं.

आम्ही तिला विचारलं, बाबांनी हे आम्हाला का नाही सांगितलं? “मार खाल्ल्याचं कोण सांगतंय, बाई?” परतीची एस.टी. अर्थातच चुकली. तांदळाच्या पोत्यांवर बसून एका टेंपोतून घोडेगाव गाठलं.

गाव, परत

घरी पोहोचलो तेव्हा दिवेलागण झाली होती. रोहिणी पिठलं टाकत होती आणि लॉरेन बाबांना टॅबवर फोटो दाखवत होती. डोंगर, सोनाबाई, मी पोत्यावर बसलेली (हा फोटो पुसून टाक म्हणून मी तीनदा सांगितलं), मग आदल्या दिवशीचे हॉटेलातले. उकळता चहा, भजी, साखर टाकणारा हात.

“थांबा,” बाबा म्हणाले. “माघारी घ्या.”

भटारखान्यातला फोटो. साखरेच्या डब्यातून काहीतरी भरून पातेल्यात उपडं करणारा हात. हातात जर्मनचा पेला. पोटाला पोचा. उपडा असल्यामुळं बूड बरोबर आमच्याकडे. लॉरेननं दोन बोटांनी फोटो मोठा केला. ओरखड्यांच्या जाळ्यात, वाकडातिकडा, लहान मुलानं काढलेला ‘ग’.

पिठल्याला बुडबुडे येत होते. बाबांनी पडद्यावर बोट ठेवलं, तशी स्क्रीन हलली आणि भजी आली. “गेला, गेला!” ते घाबरून म्हणाले आणि मग सगळे हसत सुटलो. माझे डोळे मात्र भरून आले होते. अख्खं गाव, आणि काल मीसुद्धा, त्याच पेल्यानं मापलेली साखर प्यालो होतो.

रविवार

सकाळी बाबांनी धुतलेलं धोतर नेसलं आणि आमच्याबरोबर चालत स्टँडवर आले. हॉटेलच्या बाहेर, लिंबाच्या झाडापाशी थांबले. आत आले नाहीत. मी, रोहिणी आणि लॉरेन आत गेलो. रविवार असल्यानं गर्दी होती. रोहिणीनं शेठना फोटो दाखवला आणि सोनाबाईचं बोलणं ऐकवलं.

शेठ चिडले नाहीत, गोंधळले. डब्यातून पेला काढला, साखर झटकली, उलटा केला, बुडावरचा ‘ग’ बघितला. “आईशप्पथ, मला ठाव नव्हतं,” म्हणाले. खरंच नव्हतं, त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं. झाडाला पेला टांगायचे दिवस गेल्यावर बापानं चांगलं भांडं कशाला टाकायचं म्हणून साखरेत टाकलं असणार, एवढंच. पण पुढच्याच क्षणाला त्यांनी पेला छातीशी धरला. “पर हे माप हाय आमचं! ह्याच्यावरच चहाची चव हाय. पायजे तर नवा देतो. न्हाईतर असं करा, हॉटेलच्या नावानं सप्रेम भेट लिवा, तशी पाटी लावा, मग बघू.”

“अहो, इकडं द्या.” भटारखान्याच्या दारातून आवाज आला. त्यांच्या बायको, लताकाकू. हाताला बेसन, कपाळावर घाम. पेला घेतला, बुडावरून अंगठा फिरवला. “लग्न होऊन आले तवा सासूबाईंना इच्यारलं व्हतं, हे कुणाचं नाव? त्या म्हनल्या, राहू दे, तुला काय करायचंय. नाव दुसऱ्याचं हाय नव्हं? मग भांडं आपलं कसं? कार्यात शेजारचं पातेलं आलं तर नाव बघून ज्याचं त्याला पोचतं करतो का न्हाई आपण?”

“अगं पर...”

“पर न्हाई न् बिर न्हाई. दुसऱ्याचं भांडं किती वर्सं वापरायचं? आन् भेट कसली? ज्याचं त्याला देताना भेट म्हनत्यात व्हय?”

एवढ्या गर्दीत भजी खाणारं एकही तोंड हलत नव्हतं. काकूंनी नळाखाली पेला घासला, पदरानं पुसला. आणि मग साखरेच्या डब्यात बुडवून काठोकाठ भरला. लॉरेननं माझा दंड धरला: हे कशाला? मी म्हटलं, आमच्याकडं दुसऱ्याचं भांडं रिकामं परत करत नाहीत.

काकू पायरी उतरून झाडापाशी गेल्या. दोन्ही हातांनी पेला पुढं केला. “बाबा, लई उशीर झाला.”

गेणूबाबांनी आधी बूड चाचपलं. साखर सांडू न देता, बोटानं, न बघता. मग म्हणाले, “अक्षर चुकलं न्हाई माझं.” आणि चिमूटभर साखर तोंडात टाकून हॉटेलची पायरी चढले, मधल्या टेबलाशी बसले, पेला समोर ठेवला. “च्या सांगा. माझ्या पावण्यांनाबी.”

त्या दिवशी चहा बिघडला. माप नव्हतं, शेठनी अंदाजानं साखर टाकली, आणि अंदाज पाकाच्या वळणावर गेला. सगळ्यांनी निमूट प्याला.

दुपारी खोली उघडली. गाव लोटलं होतं, काही कौतुकानं, काही नुसतं बघायला. रोहिणीनं मी दिलेल्या पेन्सिलीनं नोंदवहीत नंबर घातला. ‘कोणाकडून’ या रकान्यापाशी थांबली. बाबांनी सांगितलं, “लिव्ह. वस्तू गेणूची. परत आली, साखरंसकट.” त्याच्या पुढच्या नंबरावर माझा एक कागद आहे. पारूबाईच्या बशीचा. लॅमिनेशन न करता.

राहिला साखरेचा प्रश्न. मी म्हटलं, कपाटात साखर ठेवाल तर मुंग्या लागतील, रिकामा करा. “मग वाटू की,” बाबा म्हणाले. “खोली उघडली, साखर नको वाटाया?” पेला घेऊन ते दारात उभे राहिले आणि येणाऱ्या प्रत्येकाच्या हातावर चिमूट ठेवायला लागले. पोरंसोरं दोनदा येत होती. लॉरेन तीनदा गेली.

बबनशेठ सगळ्यांच्या मागं, भिंतीला धरून उभे होते. गर्दी पातळ झाली तसे पुढं आले आणि हात पुढं केला. बाबांनी पेल्यात बघितलं. तळाला थोडीच उरली होती. त्यांनी डाव्या हातानं शेठच्या हाताला खालून आधार दिला, पेला अगदी तळहाताला टेकवला आणि सगळी साखर ओतली. एक दाणाही खाली सांडला नाही.